शोध मातीसाठी, वापर लंगोटासाठी

बहुवारिक, म्हणजेच पॉलिमर, म्हटले की सर्वसामान्यांच्या डोळ्यांसमोर गटारे तुंबवणारी पिशवी उभी राहते. याच कुळात साखरेच्या दाण्यांसारखा दिसणारा आणि वजनाच्या शेकडो पट पाणी पिऊन फुगणारा एक पदार्थ आहे, याची गंधवार्ताही अनेकांना नसते. वास्तविक तो घरोघरी पोहोचला आहे. तान्ह्या बाळाच्या डायपरमध्ये!

अमेरिकेच्या कृषी खात्याच्या पिओरिया येथील प्रयोगशाळेत १९६०च्या दशकात मक्याच्या स्टार्चवर काम चालू होते. त्यातून हे जलशोषक निपजले. बियाण्यावर लेप द्यावा, मुळांभोवती ओल टिकवावी, हे त्याचे आरंभीचे उपयोग. पुढे जपानी उद्योगांनी त्यातील व्यापार हेरला आणि मातीसाठी जन्मलेले ज्ञान लंगोटात विसावले. पैसा तेथे होता, हे उघड आहे.

याचे रहस्य रेणूंच्या रचनेत आहे. लांबलचक साखळ्या, जागोजागी एकमेकींशी गाठी मारलेल्या. साखळीवरील ऋणभार आणि सोबतचे सोडियम यांमुळे पाणी आत ओढले जाते. गाठी असल्याने पदार्थ विरघळत नाही, केवळ फुगतो. मात्र पाण्यात क्षार असले की ही ओढ मंदावते. डायपरमधील दाणे पाण्यात फुगवून त्यावर चिमूटभर मीठ टाकावे. फुगलेला गोळा डोळ्यांदेखत पाणी सोडू लागतो. मुलांना दाखवण्याजोगा प्रयोग आहे.

नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने सेल्युलोजवर आधारलेले 'पुसा हायड्रोजेल' सिद्ध केले आणि २०१२ साली त्याच्या व्यापारी उत्पादनाचा परवाना दिला. शुद्ध पाण्यात ते वजनाच्या किमान ३५० पट पाणी धरते, उन्हाळ्याच्या तापमानातही काम करते आणि हेक्टरी अडीच ते पाच किलो पुरते. भारतीय शेतीसाठी भारतीय संशोधकांनी केलेले हे काम निःसंशय गौरवास्पद आहे. पण बाजारात आता नाना नावांची जलशोषके मिळतात आणि विक्रेते 'चारशे पट'चा आकडा मिरवतात. तो शुद्ध पाण्याचा असतो. मराठवाड्यातील वा सोलापूरकडील मचूळ विहिरीच्या पाण्यात कॅल्शियमसारखे क्षार असतात. तेथे हा आकडा बराच खाली येतो. शिवाय जलशोषक पाणी निर्माण करीत नाही. पावसाने ओढ दिली तर पडून गेलेल्या सरीची ओल काही दिवस लांबवते, इतकेच. निव्वळ ॲक्रिलिक जातीची बहुवारिके मातीत अत्यंत सावकाश विघटित होतात, हाही प्रश्न आहेच. म्हणून स्टार्च, सेल्युलोज, कायटोसान यांसारख्या निसर्गदत्त पदार्थांकडे संशोधक वळले आहेत.

राज्यातील बहुतांश शेती कोरडवाहू आहे. राहुरी, परभणी, अकोला आणि दापोली येथील कृषी विद्यापीठांनी शेतकऱ्यांच्याच रानात, त्यांच्याच विहिरीचे पाणी वापरून या दाण्यांची परीक्षा घ्यावी; एकरी खर्च किती, उत्पन्नात वाढ किती आणि दुसऱ्या हंगामात त्यातील काय उरले, हे गावच्या चावडीवर लावावे. आणि पिशवीवर शुद्ध पाण्याच्या आकड्याशेजारी क्षारयुक्त पाण्याचा आकडा छापणे विक्रेत्यांना बंधनकारक करावे.