मिस्त्रीची खूण पुसू नका

किल्ली फिरवली की डॅशबोर्डखालून एक बाई जपानीत बोलते. गाडीच्या मालकाला त्यातलं अक्षर कळत नाही. जपानी मलाही येत नाही, पण हे वाक्य इतक्या गाड्यांत ऐकलंय की पाठ झालंय: टोलचं कार्ड यंत्रात घातलेलं नाही. न्यू जर्सीतलं गॅरेज, कडाक्याच्या थंडीची सकाळ, गाडीला जपान सोडून तीन वर्षं झालेली, आणि ती बाई अजून तिथल्या टोलनाक्याची काळजी करतेय. मालक म्हणाले, "काढायला दहा मिनिटं लागतील. पण नाही काढणार." त्या दिवशी पहिला फोटो मी त्या टोलयंत्राचा काढला. गाडीचा नंतर.

मी कोल्हापूरचा. वडील शिवाजी उद्यमनगरात लेथवर टर्नर होते. आता मी इथं एका कारखान्यात मशीनवर तयार झालेले सुटे भाग तपासतो, आणि शनिवार-रविवार जपानहून आलेल्या जुन्या स्पोर्ट्स गाड्यांचे फोटो काढतो. कधी मालकाच्या हौसेसाठी, बहुतेकदा गाडी विकायची असते म्हणून. अकरा वर्षं हे करतोय. आज लिहायला बसलो, कारण या गाड्यांवर झालेलं हाताचं काम डोळ्यांदेखत नाहीसं होतंय आणि ते नाहीसं करण्यात आम्हा फोटोवाल्यांचाही हात आहे.

या गाड्या इथं येतात कशा, ते आधी सांगतो. दुसऱ्या देशाच्या बाजारासाठी बनलेली आणि अमेरिकी सुरक्षा नियमांत न बसणारी गाडी आणणं १९८८च्या कायद्यानं फार अवघड करून ठेवलं. मोठी सवलत एकच, गाडी बनून २५ वर्षं झालेली हवीत. हिशेब महिन्यावर चालतो. निसान स्कायलाइन जीटी-आरची आर ३२ ही पिढी १९८९ची, म्हणून ती २०१४पासून येऊ लागली. आर ३४ जानेवारी १९९९ची, तिचं दार २०२४ला उघडलं. कित्येक जण गाडी आधीच विकत घेतात, जपानातच ठेवतात आणि तिच्या २५व्या वाढदिवसाची वाट बघतात. मग बोटीतून ती बंदरात उतरते. स्टिअरिंग उजवीकडे, स्पीडोमीटर १८० किलोमीटरला संपलेला, आणि रेडिओ ७६ ते ९० मेगाहर्ट्झचा, ज्यावर इथली बहुतेक स्टेशनं लागतच नाहीत. उजवीकडच्या सीटवर बसलो की मला मात्र घरी आल्यासारखं वाटतं.

आता त्या आर ३२चं बॉनेट उघडू. आत २.६ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, दोन टर्बो, प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र थ्रॉटल. कागदावर ताकद २८० अश्वशक्ती. त्या काळी जपानी कंपन्यांनी आपसांत ठरवलं होतं की २८०च्या वरचा आकडा जाहीर करायचा नाही, आणि २००४पर्यंत ते पाळलं गेलं. इंजिनाचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा, त्याहून कितीतरी जास्त सोसणारा. टर्बोच्या बूस्टच्या नळीत बारीक छिद्राचा अडसर बसवलेला. तो काढला की गाडी वेगळीच. म्हणजे कारखान्यातून बाहेर पडतानाच ही गाडी मिस्त्रीच्या हाताची वाट बघत होती.

आणि मिस्त्री होतेच. एचकेएस ही कंपनी १९७३ची, टर्बोचे संच बनवण्यात तिनं नाव काढलं. रेज कंपनीनं १९९६ला टीई ३७ नावाचं फोर्ज्ड चाक आणलं. त्यातला ३७ हा आकडा वजनाचा, १५ इंची चाक ३.७ किलोचं. चाक हातात घेतलं की कळतं, दाखवायला नाही, गाडी हलकी करायला बनवलंय. पण मला जे सांगायचंय ते या मोठ्या नावांचं नाही. जपानभर रस्त्याकडेला दोन-तीन माणसांची गॅरेजं होती, त्यांचं आहे. आर ३२च्या मूळ टर्बोतलं एक्झॉस्टकडचं चाक सिरॅमिकचं, बूस्ट वाढवला की तुटायचं. त्यांनी पोलादी चाकाचे टर्बो बसवले. सुरुवातीच्या गाड्यांत क्रँकशाफ्टवर तेलाच्या पंपाला धरणारा भाग आखूड पडायचा आणि वरच्या फेऱ्यांत पंप दगा द्यायचा. त्यांनी तिथं कॉलर बसवली. याला कुणी नखरा म्हणेल? कंपनीला जे नंतर उमगलं ते यांना ग्राहकाचं इंजिन उघडून उमगलं होतं.

आज बाजाराला काय हवंय? कंपनी फिटिंग. आपल्याकडे जुन्या गाडीच्या सौद्यात हा शब्द जितका जोरात उच्चारतात, तितकाच इथंही. लिलावात मूळ स्थितीतली गाडी जास्त बोली घेते, म्हणून तीस वर्षांपूर्वी बदललेले भाग काढून जुने मूळ भाग शोधून बसवायचे. एक्झॉस्ट उतरला, हाताने वळवून वेल्ड केलेले पाइप गेले, इंटरकूलर गेला. निघालेले भाग कोपऱ्यात पडतात आणि मग भंगारात जातात. मूळ स्थितीतल्या गाड्या राहिल्या पाहिजेत, त्याबद्दल माझा वाद नाही. पण सगळ्याच गाड्या मूळ स्थितीत नेल्या, तर त्यांच्यावर कुणी काही केलंच नव्हतं असं उद्याच्या माणसाला वाटेल. ते खोटं आहे.

२०१९ला मी स्वतः हे खोटं रचलं. राखाडी आर ३२ होती, विक्रीसाठी फोटो हवे होते. व्यवहार बघणाऱ्या माणसानं सांगितलं, इंजिन चकचकीत दिसलं पाहिजे. इंजिनावर रंगाचे डाग होते. टॉर्क पान्ह्यानं ठरलेल्या ताकदीला बोल्ट आवळला की मिस्त्री बोल्टच्या डोक्यापासून खालच्या धातूपर्यंत रंगाची एक रेघ ओढतो. रेघ अखंड दिसली की बोल्ट हलला नाही हे लांबूनही कळतं. या गाडीवर काही बोल्टवर पांढऱ्या रेघेच्या बाजूला पिवळी होती, म्हणजे कुणीतरी दुसऱ्यांदा येऊन पुन्हा आवळून गेला होता. आणि दोन्ही सस्पेन्शनची टोकं जोडणाऱ्या आडव्या पट्टीच्या मुळाशी मार्करनं लिहिलेलं: ११.४.२३. मला वाटलं कसलातरी पार्ट नंबर. संगणकावर मी सगळं पुसलं. रेघा, डाग, आकडा, एकेक करून, दोन तास बसून. फोटो सुंदर आला आणि गाडी आठवड्यात गेली.

दोन वर्षांनी एका जपानी सहकाऱ्याला सहज तो मूळ फोटो दाखवला. तो म्हणाला, ही तारीख आहे. वर्ष आधी, मग महिना, मग दिवस. ११ म्हणजे हेसेई सनाचं अकरावं वर्ष, १९९९. त्या वर्षी २३ एप्रिलला कुणीतरी काम संपवलं, पान्हा खाली ठेवला आणि मार्कर उचलला. मी नव्या मालकाचा नंबर मिळवून फोन केला. त्यांनी तोवर इंजिन उतरवून सगळं नव्यानं रंगवून घेतलं होतं आणि पट्टी बदलली होती. "फोटोत तसंच स्वच्छ होतं, म्हणून म्हटलं तसंच करून घ्यावं," असं ते म्हणाले. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. त्यांना नमुना मीच दिला होता.

वडिलांनी ३८ वर्षं लेथ चालवला. साखर कारखान्यांच्या पंपांचे बुश, ऑइल इंजिनांचे भाग, काय काय. त्यांच्या हातचा एकही जॉब फोटोत नाही. फोटो एकच आहे, खंडेनवमीचा: लेथला झेंडूची माळ, चकवर हळदकुंकू, बाजूला धुतलेल्या शर्टात वडील. मशीन त्या दिवशी बंद, त्यामुळे चकमध्ये जॉबच नाही. मला तो फोटो प्राणापलीकडे प्रिय आहे, आणि त्यात त्यांचं काम नाही याची हळहळही आहे. जपानी गाडीच्या बॉनेटखाली वेल्डिंगची एकसारखी रेघ दिसली की ती ओढणाऱ्या माणसाचा विचार येतो. त्याच्याही घरी असाच एखादा फोटो असेल.

म्हणून मी कामाची पद्धत बदलली. गाडी धुवायच्या आधी जातो. ढगाळ दिवस निवडतो, कारण उन्हात बॉनेटखाली अर्धं काळं आणि अर्धं पांढरं होतं. थर्माकोलचा एक तुकडा धरला की त्यावरून परतलेला उजेड खोल जागी पोचतो. काळा शर्ट घालतो, नाहीतर दाराच्या रंगात मीच दिसतो. लेन्सवरचा पोलरायझर फिरवला की काचेवरची चमक मरते आणि आतली चिकटपत्री वाचता येते: तेल कधी बदललं, किती किलोमीटरला, कुठल्या गॅरेजनं. जपानी लिलावाचा कागद गाडीसोबत आला असेल तर तोही टिपतो. त्यावर गाडीची आकृती असते आणि इंग्रजी अक्षरांच्या खुणा. ए म्हणजे ओरखडा, यू म्हणजे पोचा, डब्ल्यू म्हणजे दुरुस्तीनंतर रंगात राहिलेली लाट. मग त्या आकृतीतला पोचा गाडीवर शोधतो, त्यावर तिरपा उजेड टाकतो आणि दोन्ही फोटो शेजारी ठेवतो. लांबी भरून लपवलेली जागाही अशीच सापडते, आणि विकत घेणाऱ्याला ती दिसलीच पाहिजे.

माझा एक जोडीदार फोटोग्राफर म्हणतो, लोकांना संध्याकाळच्या उजेडात पळणारी गाडी हवी, तुझे बोल्ट कोण बघणार? पळत्या गाडीचा फोटो मीही काढतो. शेजारच्या गाडीतून, शटर सेकंदाच्या तिसाव्या भागावर ठेवून, आणि एखादा नीट आला की दिवसभर खूश असतो. पण तसला फोटो एका निळ्या आर ३४चा काय आणि दुसरीचा काय, सारखाच. बोल्टवरची पिवळी रेघ एकाच गाडीवर, एकाच जागी असते.

सुझुकी कॅपुचिनो ही त्यामानानं लहानखुरी गाडी. दोन माणसांची, सुटं होणारं छप्पर. पहिल्यांदा तिचं बॉनेट उघडलं तेव्हा मी बराच वेळ नुसता बघत राहिलो. आतलं ६५७ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन आणि आपल्या मारुती ८००मधलं ७९६ सीसीचं इंजिन एकाच घराण्यातली, सुझुकीच्या एफ मालिकेतली. आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांच्या मारुतीचं ओळखीचं रूप, फक्त त्याला टर्बो आणि ६४ अश्वशक्ती. तिच्या एअर फिल्टरच्या डब्याला कुणीतरी पत्र्याचा हाताने कापलेला आडोसा बसवला होता, गरम हवा आत जाऊ नये म्हणून. कडा कानशीनं घासून बोथट केलेल्या. त्या कडांचे मी चाळीस फोटो काढले.

मॉडिफिकेशन म्हटलं की आपल्याकडे बुलेटचा फाटक्या आवाजाचा सायलेन्सर आठवतो आणि पोलिसांनी रस्त्यावर अंथरून रोलर फिरवलेले सायलेन्सर. ती कारवाई मला पटते. म्हाताऱ्या माणसाची झोप उडवण्यात कसलीही कारागिरी नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नोंदणीतल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येणार नाही असं सांगितलं, त्यामागची सुरक्षेची काळजीही खरी आहे. इथंही वाईट कामं ढिगानं बघितली. स्प्रिंग कापून खाली आणलेल्या गाड्या, इन्सुलेशन टेपनं गुंडाळलेल्या वायरी. त्यांचेही फोटो मी तसेच काढतो, न लपवता. पण त्या एका सायलेन्सरमुळे, विचार करून, मोजून, कानशीनं घासून केलेलं काम आणि फाटका आवाज एकाच पोत्यात भरू नयेत. गाडी मूळ स्थितीत न्यायचीच असेल तर मालकाचा तो हक्क आहे. न्या. पण आधी सगळं टिपून ठेवा, निघालेल्या भागांवर चिठ्ठी बांधा, आणि ते फोटो गाडीच्या कागदांबरोबर पुढच्या माणसाच्या हातात द्या. एवढ्या कामाला काही शे फोटो आणि अर्धा दिवस लागतो. एवढ्या मोठ्या सौद्यात अर्धा दिवस मागणं जास्त नाही.

येत्या शनिवारी पेनसिल्व्हेनियात एक आर ३३ बघायला जातोय. सोमवारी ती वर्कशॉपला जाणार आहे, सगळे मूळ भाग बसवून घ्यायला. मालकांनी फोनवर विचारलं, "सकाळी धुऊन ठेवू का?" मी म्हटलं, "नको, आहे तशीच राहू द्या."

"बॉनेटखाली पण? धुळीसकट?"

"धुळीसकट."