नावं बदलून भागत नाही

ग्रीक शोकांतिका करायला घेतली, की आपली चर्चा बहुधा पात्रांची नावं, नेपथ्य आणि वेशभूषा यांपाशीच रेंगाळते. गेल्या चाळीस वर्षांतली आयरिश रूपांतरं पाहिली, तर खरं काम त्याच्या पुढे सुरू होतं.

१९८४ साली टॉम पॉलिन आणि एडन मॅथ्यूज यांची 'अँटिगनी'ची दोन स्वतंत्र रूपांतरं रंगमंचावर आली. उत्तर आयर्लंडमध्ये तेव्हा अंत्ययात्रेवरूनही संघर्ष पेटत होता. मृताला माती देण्यावरचं नाटक तिथे आयतंच लागू पडलं. १९९० मध्ये शेमस हीनी यांनी 'फिलॉक्टेटीस'वरून 'द क्युअर ॲट ट्रॉय' लिहिलं. फील्ड डे या नाट्यसंस्थेने त्याचा पहिला प्रयोग उत्तर आयर्लंडमधल्याच डेरीच्या गिल्डहॉलमध्ये केला. चिघळलेली जखम आणि तितकाच जपलेला राग घेऊन बेटावर एकटा पडलेला धनुर्धर! डेरीच्या प्रेक्षकाला आणखी काय सांगायला हवं होतं? तरी हीनींनी कोरसच्या तोंडी उपोषणकर्त्याचा बाप आणि पोलिसाची विधवा आणली. मला त्या ओळी वरून चिकटवल्यासारख्या वाटतात.

मरिना कार यांचं 'बाय द बॉग ऑफ कॅट्स' (ॲबी थिएटर, १९९८) मात्र मुळालाच हात घालतं. युरिपिडीसची मीडिया नवऱ्यावर सूड उगवण्यासाठी पोटची मुलं मारते आणि सूर्याच्या रथातून निघून जाते. कार यांची हेस्टर स्वेन दलदलीच्या काठावर राहणारी, भटक्या समाजातल्या आईची लेक. आई लहानपणीच टाकून गेली. हेस्टर अजून तिची वाट पाहते आहे. अखेर ती मरायला निघते, तेव्हा तिची छोटी लेक जोसी बरोबर येण्याचा हट्ट धरते. आपल्यासारखं हिने जन्मभर वाट पाहत बसू नये, म्हणून हेस्टर तिचा गळा चिरते आणि मग स्वतःला संपवते. कृत्य तेच, कारण पार बदललेलं. युरिपिडीसकडे मुलांच्या किंकाळ्या आतून ऐकू येतात. इथे सगळं प्रेक्षकांसमोर घडतं. सूडाचा आवेश आणणारी अभिनेत्री या प्रसंगात हरलीच. लेकीला कुशीत घेतलेल्या आईच्या मायेतूनच तो हात उठायला हवा.

आपल्याकडे ग्रीक नाटकांवर काम करणाऱ्या लेखक-दिग्दर्शकांनी कारणाचा असा शोध घेतलेले मसुदे आमच्याकडे जरूर पाठवावेत. पूर्ण नाटक नको; जिथे मूळ कृत्याला तुमचं स्वतःचं कारण सापडलं, तो एकच प्रवेश पुरे.