जीवदया : सरकलेली वाटी

पाळलेले पोमेरेनियन कुत्रे धावता धावता मागचा एक पाय उचलते, तीन-चार पावले लंगडी घालते आणि पाय झटकून पुन्हा पूर्ववत धावू लागते. मुलांना त्याची गंमत वाटते. वस्तुतः त्याच्या गुडघ्याची वाटी खोबणीतून निसटलेली असते. लहान जातींत हा दोष बहुधा हाडांच्या जन्मजात ठेवणीतून उद्भवतो आणि वाटी प्रायः आतल्या बाजूस सरकते.

पशुवैद्य या विकाराच्या चार श्रेणी मानतात. पहिलीत वाटी हाताने ढकलली तरच सरकते आणि सोडताच परत येते. तेथे शस्त्रक्रियेची सहसा गरज नसते. दुसरीत ती अधूनमधून आपोआप निसटते, तिसरीत बहुतेक काळ बाहेरच असते, तर चौथीत हातानेही जागेवर बसत नाही. वारंवार लंगडणाऱ्या कुत्र्याची उथळ खोबण भूल देऊन खोल करतात, नडगीच्या हाडाचा उंचवटा सरळ रेषेत आणून पिनांनी पक्का करतात आणि सैल आवरण आवळून शिवतात.

येथे आपली श्रावक कुटुंबे अडखळतात. मुक्या जीवावर शस्त्र चालवायचे कसे? तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायावरील विवेचनात आचार्य पूज्यपादांनी सर्वार्थसिद्धीमध्ये याच शंकेला स्पर्श केला आहे. परम करुणेने मुनींचे गळू फोडणारा वैद्य दुःखाला निमित्त होतो. तथापि केवळ त्या बाह्य निमित्तामुळे त्याला पापबंध होत नाही. उलट, शस्त्रक्रिया आवश्यक असूनही टाळली तर कूर्चा झिजत जाते आणि त्या जीवाची वेदना नित्याची होते. अशा टाळण्यास दया म्हणणे मला तरी कठीण वाटते.

खरी कसोटी पुढे असते. साधारण 6 ते 8 आठवडे उड्या आणि जिने बंद, फिरणे केवळ पट्ट्याने बांधून. आपल्या घरांतील गुळगुळीत फरशीवर सतरंज्या अंथराव्यात. तुपाची पोळी आणि पेढ्याचा तुकडाही थांबवावा, कारण वाढलेले वजन त्याच गुडघ्यावर पडते. हा दोष पुढील पिढीत उतरू शकतो; म्हणून पिलांना भाव कितीही चांगला येत असला, तरी अशा कुत्र्याची जोडी लावू नये.