बोकड देवनारला, पिशवी पुण्याला

2024 च्या जून महिन्यातली गोष्ट. मृग नुकताच लागला होता आणि बकरी ईद आठवड्यावर आली होती. आमच्या धाराशिव जिल्ह्यातल्या गावचे अण्णा नऊ बोकड टेम्पोत भरून मुंबईला निघाले. मला म्हणाले, "चला बरोबर. मुंबईत चार ओळी वाचणारा माणूस जवळ असलेला बरा." बोकड विकून येणाऱ्या पैशातून चार एकर सोयाबीनचे बियाणे आणि खत घ्यायचे, असा त्यांचा साधा सरळ हिशेब होता. वर्षभर बोकड सांभाळले होते वहिनींनी, हेही सांगून ठेवतो.

रात्रभर प्रवास करून देवनारला उतरलो. तुमच्यापैकी पुष्कळांनी देवनार पाहिले नसेल. मुंबईच्या पूर्व उपनगरात, गोवंडीच्या अंगाला मुंबई महानगरपालिकेचे हे पशुवधगृह 1971 पासून आहे. ईदच्या आधी त्याच्या आवारात जो बाजार भरतो तो पाहिला की आपला आठवड्याचा बाजार म्हणजे भातुकली वाटते. राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश, कुठून कुठून जनावर येते. लाखावर शेळ्या-बोकड एका आवारात! त्या उंचपुऱ्या सिरोही बोकडांपुढे आमचे काळे उस्मानाबादी बिचारे शाळकरी पोरांसारखे दिसत होते.

उतरल्यावर पाहिले तर एक बोकड मलूल. चारा तोंडात घेईना. अण्णा हवालदिल झाले. म्हणाले, "हा मेला तर मी थेट कृषी आयुक्तांना अर्ज करणार. कृषी आयुक्त म्हणजे शेतकऱ्यांचा कलेक्टरच की!"

शेजारी लातूरकडचा एक जुना व्यापारी विडी ओढत बसला होता. तो हसला. म्हणाला, "काका, ही जागा महापालिकेची, म्हणजे इथे आयुक्त लागला तर महापालिकेचा. जनावराच्या आजाराचे, लशीचे, कानातल्या बिल्ल्याचे बघतो तो पशुसंवर्धन आयुक्त, तो बसतो पुण्याला औंधात. तुमच्या कृषी आयुक्ताची इथे गवताची काडीही हलत नाही."

खरे सांगतो, अण्णांना हसण्याआधी मीच खाली पाहिले. इतकी वर्षे लिहितो आहे, पण हे तीन आयुक्त मलाही कुणी असे नीट उभे करून दाखवले नव्हते. 2025 च्या जुलैत राज्य सरकारने पशुसंवर्धनाला शेतीसारखा दर्जा द्यायचे ठरवले खरे, पण त्यामुळे दोन आयुक्तांचा एक झाला नाही.

बोकड वाचला. आठ बरे विकले, तो नववा शेवटी पडेल भावात गेला. पैसे कमरेला बांधून परत आलो, तालुक्याच्या दुकानातून बियाणे घेतले, पाऊस बरा झाला होता म्हणून पेरणी केली. आणि दहा दिवसांनी पाहतो तर निम्म्या तासांत काही नाही. पाभर चुकली म्हणावे तर उरलेल्या दोन एकरांत, दुसऱ्या कंपनीची पिशवी पेरली होती तिथे, तास भरून उगवले होते.

आता मात्र हे दार कृषी आयुक्तांचेच होते.

हा आयुक्त कोण, ते आधी समजून घ्या. तो निवडून येत नाही. तो भारतीय प्रशासकीय सेवेतला अधिकारी असतो, राज्य सरकार त्याला नेमते आणि सरकारच बदलते. धोरण ठरते मुंबईला मंत्रालयात, मंत्री आणि सचिवांकडे. ते गावापर्यंत पोचवायचे काम पुण्याच्या कृषी आयुक्तालयाचे. आयुक्ताच्या हाताखाली संचालक, विभागाला सहसंचालक, जिल्ह्याला अधीक्षक कृषी अधिकारी, मग तालुका, मग मंडळ, आणि शेवटी आपल्या बांधावर येणारा, ज्याला आपण कृषी सहायक म्हणत आलो तो. आपल्या आजोबांच्या तोंडी याला शेतकी खाते म्हणत. 1876 ते 78 च्या भयंकर दुष्काळानंतर जो आयोग नेमला, त्याने 1880 साली प्रांतोप्रांती असे खाते हवे म्हणून सांगितले, तिथून याची सुरुवात.

आपल्याला वाटते तितके याच्या हाती नसते. हमीभाव दिल्ली ठरवते. उसाच्या थकलेल्या पैशासाठी साखर आयुक्त, सोसायटीच्या भानगडीसाठी सहकार आयुक्त, बाजार समितीसाठी पणन संचालक. हे सगळे पुण्यातच, पण कचेऱ्या वेगळ्या. गारपिटीचे अनुदान तहसीलदाराकडून येते, पंचनाम्याला कृषी खात्याचा माणूस बरोबर असला तरी. तेव्हा कोणतेही गाऱ्हाणे घेऊन एकाच दारात बसलात तर अर्ज टेबलावरून टेबलावर फिरतो आणि हंगाम निघून जातो.

पण बियाण्याची पिशवी, खताचे पोते आणि औषधाची बाटली, ही तीन मात्र त्याची. कंपनीला आणि दुकानदाराला परवाना कृषी खात्याचा, नमुने घेणारा निरीक्षक त्याच खात्याचा, सदोष मालाची विक्री थांबवणाराही तोच. 1966 चा बियाणे कायदा, 1968 चा कीटकनाशक कायदा, 1985 चा खत नियंत्रण आदेश ही त्याची हत्यारे. हत्यारांना मर्यादाही आहे. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. तेव्हासुद्धा राज्याला एखादे औषध तात्पुरते, म्हणजे 60 दिवस आणि फार तर वर आणखी 30 दिवस बंद ठेवता येत होते. कायमची बंदी केंद्र सरकारनेच घालायची, असा कायदा आहे. मला हे पटत नाही, पण आहे ते सांगितले.

तर अण्णांची पिशवी. 2020 च्या खरिपात मराठवाडा-विदर्भात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारींचा ढीग लागला होता, तेव्हापासून एवढे मला ठाऊक होते की अर्ज पुण्याला धाडत बसायचे नाही, तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लगेच द्यायचा आणि आवक क्रमांक घ्यायचा. अर्ज पदाच्या नावाने लिहावा, माणसाच्या नाही, साहेब बदलतात. अर्जाला पावती जोडावी लागते आणि पिशवी लेबलसकट दाखवावी लागते. पावती अण्णांच्या खिशात भिजून लगदा झाली होती. ती दुकानदाराकडून दुसऱ्यांदा मिळवताना चार हेलपाटे झाले. पिशवी मात्र वहिनींनी ठेवली होती, शेळ्यांचा भरडा भरायला! लेबल शाबूत, तळाला मूठभर दाणेही होते.

समिती शेतावर आली. खात्याचे अधिकारी, पंचायत समितीचे कृषी अधिकारी, संशोधन केंद्राचा एक शास्त्रज्ञ. कंपनीच्या माणसालाही बोलावले होते. ओळी मोजल्या, शेजारचे दोन एकर पाहिले, पंचनामा झाला. त्याची प्रत मागून घ्या, लाजू नका. कंपनीने पिशवीचे पैसे देऊ केले. पण मोडलेल्या पेरणीचे, नांगरटीचे, खताचे आणि गेलेल्या हंगामाचे काय? ते पैसे द्यायला लावायचा अधिकार समितीला नाही आणि आयुक्तालाही नाही. त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोग. बियाणे घेणारा शेतकरी हा ग्राहकच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली आंध्रच्या एका प्रकरणात स्पष्ट सांगितले आहे. तिथे पंचनाम्याचा तो कागद मोलाचा पुरावा ठरतो. अण्णांनी दावा लावला आहे, तारखा चालू आहेत.

एक काम मात्र कुणाच्याही दारी न जाता होते, आणि कृषी खाते दर वर्षी पेरणीआधी तेच सांगत असते. पिशवीतले 100 दाणे मोजून ओल्या गोणपाटात ओळीने ठेवा, गुंडाळी करा, सावलीत ठेवून ओल टिकवा. आठवडाभरात कोंब मोजा. 70 किंवा जास्त आले तर एकरी 30 किलो बियाणे पुरते. थोडे कमी आले तर त्या मानाने बियाणे वाढवा, फारच कमी आले तर पिशवी पेरूच नका, परत न्या. आणि 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज सोयाबीनची घाई करू नका, नाहीतर दोष ओलीचा की दाण्याचा, हा वाद पंचनाम्यात निघतोच.

2025 च्या मृगात अण्णांच्या ओसरीवर अशा तीन गुंडाळ्या होत्या आणि नातवंडे कोंब मोजत होती. ती जुनी पिशवी पावतीच्या नकलेसह माजघरात खुंटीला टांगली आहे. वहिनी तिच्यात आता भरडा भरू देत नाहीत.