बिल्ला ज्याच्या हाती, चपला त्याच्या

24 ऑक्टोबर 2010. सॅन डिएगोतल्या टूरकॉन परिषदेत एरिक बटलर या प्रोग्रामरने फायरफॉक्ससाठी ‘फायरशीप’ नावाचे एक्स्टेन्शन सर्वांना मोफत देऊन टाकले. कॅफेतल्या बिनपासवर्डाच्या वायफायवर ते चालू केले की आजूबाजूला फेसबुक, ट्विटर वापरणाऱ्यांची नावे फोटोंसह कडेच्या पट्टीत उमटत. नावावर दोनदा क्लिक केले की खाते उघडे.

पासवर्डाला कुणी हातही लावत नव्हते. बरीच संकेतस्थळे तेव्हा फक्त लॉगिनचे पान एचटीटीपीएसवर ठेवत. पुढे सेशन कुकी प्रत्येक विनंतीबरोबर साध्या एचटीटीपीवरून उघडी फिरे. देवळाबाहेर चपला सांभाळणारा माणूस चेहरा बघत नाही, बिल्ला बघतो. सर्व्हरचेही तसेच. रॉबर्ट ग्रॅहम यांनी हे 2007 मध्येच ब्लॅक हॅटमध्ये करून दाखवले होते, पण फारसे कोणी हलले नाही. बटलरने फक्त कौशल्याची अट काढून टाकली. मार्च 2011 मध्ये टेड परिषदेत अभिनेता अ‍ॅश्टन कचरच्या ट्विटर खात्यावरून भलत्यानेच एसएसएल नसल्याबद्दल टोमणा मारला. त्याच महिन्यात ट्विटरने ‘कायम एचटीटीपीएस’चा पर्याय दिला. बटलरवर तेव्हा बरीच टीका झाली. ती चुकीच्या माणसावर झाली.

वायफायला पासवर्ड लावला की काम संपले, ही समजूत आजही अनेक नेटवर्कवाल्यांत आढळते. डब्ल्यूपीए2 मध्ये भिंतीवर लिहिलेला पासवर्ड ज्याला ठाऊक आहे आणि जोडणीच्या वेळचा हँडशेक ज्याने टिपला आहे, तो शेजाऱ्याची वाहतूक उलगडू शकतो. डब्ल्यूपीए3 ने ही फट बुजवली, पण जुने राउटर अजून चालूच आहेत.

म्हणून खरी जबाबदारी वेब डेव्हलपरकडे येते. सगळे संकेतस्थळ एचटीटीपीएसवर असूनही कुकीला ‘सिक्युअर’ खूण नसेल, तर एका जुन्या एचटीटीपी दुव्यामुळे ती बाहेर पडते. त्याच नेटवर्कवरचा हल्लेखोर असा दुवा दुसऱ्या कुठल्याही साध्या पानात घुसडू शकतो. ‘एचटीटीपीओन्ली’ इथे कामाचे नाही. ते जावास्क्रिप्टपासून राखते, तारेवरच्या कानापासून नव्हे. ब्राउझरला एचटीटीपीएसचीच सक्ती करणारे, 2012 मध्ये प्रमाणित झालेले एचएसटीएस हवेच, मात्र ब्राउझरच्या प्रीलोड यादीत नाव नसेल तर पहिली भेट उघडीच राहते. आणि लॉगआउटवर नुसती ब्राउझरमधली कुकी पुसणारे कोड तर सर्रास दिसतात. चोरलेला बिल्ला सर्व्हरवर जिवंतच.

हा अंक खाली ठेवण्याआधी आपल्याच प्रकल्पात लॉगिन करा, कुकी जपून ठेवा, लॉगआउट करा आणि तीच कुकी पुन्हा पाठवून पाहा.