लाईट

इंग्रज गेले, पण जे शब्द इथेच ठेवून गेले, त्यांत ‘लाईट’इतका राबणारा शब्द दुसरा नसेल. साडीच्या दुकानात आमची सौभाग्यवती म्हणते, “जरा लाईट रंग दाखवा,” आणि दाखवला की म्हणते, “लाईटखाली धरा बघू!” दुकानदार बिचारा दोन्ही हुकूम बिनबोभाट पाळतो. चिरंजीवांना परीक्षेतले गुण विचारावेत, तर ते उलट मलाच बजावतात, “बाबा, लाईट घ्या!”

लहानपणी याच शब्दाने मला चकवले होते. धाराशिव जिल्ह्यातल्या येडशीला मामांकडे जायचे ते ‘बार्शी लाईट’ने. गाडीला मोठा दिवा असणार, म्हणून हे नाव, अशी माझी समजूत! पुढे कळले की हा लाईट म्हणजे हलका. कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियराने ही अडीच फुटी रेल्वे आखली, ती कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडू नये अशा बेताने. १८९७ साली ती कुर्डुवाडीहून बार्शीला आली, १९११ साली लातूरला पोचली. पुढे सारा मार्ग रुंद झाला आणि ती चिमुकली गाडी इतिहासजमा झाली.

गेल्या दिवाळीत पुन्हा येडशीला गेलो होतो. रात्री साडेदहाला आम्ही फराळ करीत गप्पा मारीत बसलो होतो, तोच शेजाऱ्याने अंगणातून हाक दिली, “भाऊ, लाईट आली!”

मी वर पाहिले. दिवा तर संध्याकाळपासून जळतच होता! मामेभाऊ मात्र हातातली चकली ताटात ठेवून उठला.

“ही विहिरीवरच्या मोटारीची लाईट, बाळा,” मामी म्हणाल्या. “ह्या आठवड्याला रातीची पाळी हाय.”

त्याने मफलर गुंडाळला, काठी आणि बॅटरी घेतली आणि हरभऱ्याला पाणी द्यायला तो काळोखात निघून गेला. मागच्याच महिन्यात बांधावर त्याच्या पायाजवळून साप गेला होता. वहिनी काही बोलल्या नाहीत. अंगणातल्या पणत्या विझत आल्या होत्या. त्यांतल्या एकीत त्यांनी तेल घातले आणि ती शेताकडच्या कट्ट्यावर नेऊन ठेवली. त्या रात्री काही केल्या लाईट घेणे मला जमले नाही.

पहाटे वहिनी अभ्यंगाचे पाणी तापवीत होत्या. दारात चिखलाने भरलेली पावले वाजली.

“लाईट गेली,” तो म्हणाला.

आणि वहिनींचा चेहरा उजळला.