पिशवी कुणाची, घाई कुणाला

"मुलं किती?" सोनोग्राफीच्या कागदावरून नजर न उचलता डॉक्टरांनी विचारलं.

"दोन."

"झालं तर मग. आता पिशवी ठेवून काय करायचंय?"

माझं वय 46. पाळीत अंगावरून फार जातं म्हणून मी गेले होते. किती दिवस जातं, गुठळ्या पडतात का, जिना चढताना धाप लागते का, यातलं एक अक्षर कुणी विचारलं नाही. हिमोग्लोबिनही तपासलं नाही. पण बाजूच्या खोलीत ऑपरेशनच्या खर्चाचा कागद छापून तयार होता. जनरल, सेमी प्रायव्हेट, डिलक्स, असे तीन रकाने. वर दारापर्यंत सोबत आलेलं वाक्य फुकट: "राहू दिलीत तर कॅन्सर होईल, मग मला बोलायचं नाही."

मुळात 'पिशवी' हा शब्दच या धंद्याच्या पथ्यावर पडलेला आहे. किडनीला कुणी गाळणी म्हणत नाही. गर्भाशयाला मात्र पिशवी म्हणायचं, म्हणजे भाजी काढून झाली की पिशवी फेकायला आपण मोकळे. घरचेही त्याच भाषेत बोलतात. सासूबाई म्हणाल्या, "एकदाची काढून मोकळी हो, दर महिन्याची कटकट तरी जाईल." कटकट कुणाची, ते त्यांनी सांगितलं नाही. चार दिवस पोळ्या कोण लाटणार हा प्रश्न घरात माझ्या रक्तस्रावापेक्षा जुना आहे.

आता सोनोग्राफीत दिसलेल्या त्या गाठीबद्दल, म्हणजे फायब्रॉइडबद्दल. फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूचीच वाढलेली गाठ, आणि ती कॅन्सरची नसते. सार्कोमा नावाचा कॅन्सर कधी कधी तिच्यासारखा दिसतो, पण तो इतका विरळा की त्याच्या भीतीवर सरसकट शस्त्रक्रिया उरकणं म्हणजे गावात एकदा बिबट्या दिसला म्हणून सगळी गुरं विकून टाकण्यासारखं. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासाचा अंदाज असा, की पन्नाशीपर्यंत तिथल्या गोऱ्या बायकांपैकी जवळजवळ 70 टक्के आणि काळ्या बायकांपैकी 80 टक्क्यांहून अधिक जणींना फायब्रॉइड होतात. म्हणजे पोटावर यंत्र फिरवलं की काहीतरी सापडणारच. पुष्कळ जणींना त्याचा काही त्रासही होत नाही. गाठ केवढी, यापेक्षा कुठे आहे ते महत्त्वाचं. आतल्या पोकळीत डोकावणारी दीड सेंटिमीटरची गाठ बाईला पांढरीफटक करून सोडते, आणि बाहेरच्या अंगाला असलेली सहा सेंटिमीटरची वर्षानुवर्षं मुकाट बसून राहते. पाळी गेली की त्या बहुधा आक्रसतात. चाळिशी उलटलेल्या, त्रास नसलेल्या बाईला "थांबा, लक्ष ठेवू" हा पुष्कळदा उत्तम उपचार असतो. पण थांबण्याचं बिल फाडता येत नाही.

गर्भाशय काढूच नये असं माझं म्हणणं नाही. रक्त कशानंच आटोक्यात येत नाही, गाठींनी पोट भरलंय, आणि बाईनं समजूनउमजून ठरवलंय, तर खुशाल काढा. काढा पिऊन गाठ विरघळवून देणाऱ्या भोंदूंच्या बाजूनं तर मी मुळीच नाही. माझा राग शेवटची पायरी पहिली म्हणून दाखवणाऱ्यांवर आहे.

ऊसतोड कामगार बायकांची राज्य सरकारच्या समितीनं 2019 मध्ये बीड जिल्ह्यात पाहणी केली. 82,309 बायकांपैकी 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं होतं, म्हणजे साधारण सहा जणींत एकीचं. राष्ट्रीय पाहणीत देशाचा आकडा तीन टक्क्यांच्या आसपास असतो. तिथे तर कितीतरी जणींना गाठीचंही निमित्त लागलं नाही, पांढरं जातंय एवढं पुरलं. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल अंगावर. खाडा झाला की दंड. फडात ना पाणी ना आडोसा. अशा ठिकाणी पाळी हाच आजार ठरतो आणि डॉक्टर त्याच्यावर कायमचा इलाज विकतो. 2023 च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना सांगावं लागलं, की अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करा.

मी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी आधी वीस मिनिटं प्रश्न विचारले. हिमोग्लोबिन 8.2 निघालं. गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासायला गेला, तो स्वच्छ आला. गाठ भिंतीत होती, पोकळीला धक्का नव्हता. लोहाच्या गोळ्या, पाळीच्या दिवसांत रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या, आणि आत हार्मोनची तांबी. तिच्याआधी त्यांनी बाकीचे रस्तेही सांगितले: फक्त गाठ काढणं, गाठीचा रक्तपुरवठा बंद करणं, आणि हो, गर्भाशय काढणंही. तिन्हींचे फायदेतोटे सांगून म्हणाल्या, "ठरवायचं तुम्ही." बेचाळीस वर्षांच्या माझ्या जाऊबाई शेजारच्या खुर्चीत बसून हे ऐकत होत्या. त्या परत येताना रिक्षात गप्पच होत्या.

त्यांची पिशवी चौतिसाव्या वर्षी काढली. "सोबत" म्हणून दोन्ही बीजकोशही. तेव्हापासून गरम वाफा, आता गुडघे, हाडं. त्या रात्री त्यांनी ट्रंकेतली फाइल काढून माझ्यापुढे ठेवली. बेडचं बिल, औषधांचं बिल, भुलीच्या डॉक्टरांचं बिल, टाके काढल्याची पावती, सगळं जागच्या जागी होतं. काढलेलं गर्भाशय तपासल्याचा रिपोर्ट तेवढा कुठे सापडला नाही.